तिरफळं वाटणात नकोत
बांगड्याच्या आमटीत तिरफळं (कोकणात मसाल्यासाठी वापरतात ती मिरीसारखी वाळवलेली फळं) खोबऱ्याच्या वाटणातच घालावीत असं या चर्चेत वर कुणीतरी सुचवलंय, ते मला पटलं नाही. खोबऱ्याबरोबर ती बारीक वाटली गेली की आमटी कडवट होते आणि तो कडवटपणा कोकमं वाढवूनही जात नाही. वाळलेल्या तिरफळातलं काळं बी आधी काढून टाकायचं. वास सगळा सालीत असतो, बी नुसतं दाताखाली कचकचतं. सात-आठ सालं थोड्या कोमट पाण्यात भिजवून बत्त्याने जराशी ठेचायची आणि आमटीला उकळी आली, मासे सोडले की त्या पाण्यासकट घालायची. खाताना ती बाजूला काढून ठेवतात. लहान मुलांच्या पानात जाऊ देऊ नका, जीभ बधिर होते. चिनी स्वयंपाकातली सेचुआन मिरी याच कुळातली, तिचाही गुण तोच.

फोडणीला कांदा-लसूण नको असंही वर म्हटलंय, त्याला मात्र पूर्ण अनुमोदन! तेल वरून कच्चंच सोडायचं, खोबरेल असेल तर उत्तम. पण एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही: तिरफळ सगळ्या माशांना चालत नाही. बांगडा, तारली असल्या तेलकट, उग्र वासाच्या माशांसाठी ते आहे. पापलेटाच्या आमटीत घातलंत तर माशाची मूळ गोडीच झाकून जाते, एवढा महागाचा मासा आणून काय उपयोग? आणि मासे नसतील त्या दिवशी हीच ठेचलेली सालं ओलं खोबरं घातलेल्या तूरडाळीच्या आमटीत टाकून बघा, गरम भाताबरोबर फार सुंदर लागते.