कास पेरूला कळ्या येतात आणि गळतात. दमट हवेत काय करावं?

अंगणवेल:
मंडळी, मदत हवी आहे. माझ्याकडे कास पेरूचं झाड आहे, म्हणजे मध्य अमेरिकेतला तो आंबट पेरू (सिडियम फ्रिड्रिक्सथॅलियानम). बियांपासून वाढवलंय, आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. हवा वर्षभर उष्ण आणि दमट, पाऊस भरपूर. माती चिकण, एका बाजूला भिंत, आणि जोराचा पाऊस झाला की बुंध्याशी पाणी तुंबतं. यंदा पहिल्यांदाच कळ्या धरल्या, पण उमलल्या न उमलल्या तोच गळायला लागल्या. खालच्या जुन्या पानांवर नारिंगी-तपकिरी ठिपके आहेत. आणखी एक शंका मनात घर करून बसली आहे: बी देणाऱ्याने कास म्हणून दिलं, पण हा साधा पेरूच निघाला तर? या झाडात फार जीव गुंतलाय, काय करावं ते सांगा.

मातीमित्र:
पाणी तुंबतंय ना, मग सरळ उपटून मोठ्या ड्रममध्ये लावा. कळीगळ बोरॉन (झाडाला अगदी थोडं लागणारं अन्नद्रव्य) कमी पडल्याने होते. फवारणी करून बघा.

रानपेरू:
अंगणवेल, उपटू मात्र नका. ऐन पावसात एवढं झाड हलवलं तर बारीक मुळं तुटतात, आणि पेरूची अन्न-पाणी शोषणारी मुळं वरच्या वीतभर-दीड वीत मातीतच असतात. ती गेली की झाड महिनोन्‌महिने उभंच राहतं, वाढत नाही.

आधी ओळख पटवून घ्या. एक पूर्ण वाढलेलं पान तोडून उलटं करा आणि अंगठा फिरवा. साध्या पेरूच्या पानाच्या शिरा खालून चांगल्या उठावदार लागतात, वरून त्या जागी खोलगट रेषा दिसतात. कासचं पान लहान, अरुंद, टोकाशी निमुळतं. वरून चकचकीत, शिरा फारशा जाणवत नाहीत, खालच्या बाजूला बारीक लव असते. कोवळी फांदी तांबूस आणि चौकोनी असते, पण चौकोनी फांदी साध्या पेरूलाही असते, त्यामुळे तेवढ्यावर जाऊ नका.

आता पाण्याचं. दमट हवेला घाबरायचं कारणच नाही, हे झाड मूळचं पावसाळी मुलखातलं आहे. घात करतं ते मुळाशी अडकलेलं पाणी आणि कोंदट जागा. झाड तिथेच ठेवा आणि फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या बाहेरून, उताराच्या दिशेने चर खणा. चर बुंध्याजवळ आणू नका. पाणी वाहून जायला वाट मिळाली की वरून थोडं शेणखत आणि भरड वाळू-माती पसरा, पण बुंध्याला भर लावू नका, साल कुजते. पालापाचोळ्याचं आच्छादन करा, तेही खोडापासून हातभर लांब.

ठिपके नखाने खरवडून बघा. मखमली वाटले आणि खरवडल्यावर खाली करडा डाग राहिला, तर ते बहुधा शैवाल आहे, सेफॅल्युरोस नावाचं. पाण्याने सतत ओली राहणारी, हवा न लागणारी पानं त्याला आवडतात. भिंतीकडच्या आणि आत वळलेल्या फांद्या विरळ करा, बरंचसं काम तिथेच होतं. उरलेल्यासाठी एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण: 100 लिटरला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना, म्हणजे 10 लिटरच्या पंपाला प्रत्येकी 100 ग्रॅम. प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं विरघळवा, मग एकत्र करा. लोखंडाचं भांडं वापरू नका. फवारण्याआधी त्यात घासून लखलखीत केलेला लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून काढा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा आहे, पानं जळतील. थर चढायचा थांबेपर्यंत थोडी थोडी चुन्याची निवळी घाला. फुलं उमललेली असताना हे फवारायचं नाही.

मातीमित्र, बोरॉनचं तुमचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण बियांवरून आलेलं तरुण झाड पहिला बहार पेलत नाही, त्यात मुळं पाण्यात. शिवाय फूल मधमाश्या फळवतात, आणि सततच्या पावसात त्या बाहेर पडत नाहीत. निचरा आणि ऊन आधी, बाकी सगळं नंतर.

अंगणवेल:
पान उलटं करून बघितलं! खालून मऊ लव आहे, शिरा जवळजवळ लागतच नाहीत. शेजारच्या साध्या पेरूचं पान बाजूला ठेवलं तर फरक लगेच कळतो. खूप आनंद झाला. ठिपकेही मखमली आहेत. उद्या चर खणते.
दोन प्रश्न: यावर गोड पेरूचं कलम चालेल का? आणि जोडीला फिजोआ (पेरूच्याच कुळातलं फळझाड) लावावा असं मनात आहे.

पानफुटी:
फिजोआ नको. तो दक्षिण ब्राझील, उरुग्वे या बाजूचा, त्याला थंडीचा हंगाम लागतो. उष्ण दमट हवेत झाड हिरवंगार दिसेल, पण फळाची आशा ठेवू नका. त्यापेक्षा स्ट्रॉबेरी पेरू लावा. ब्राझीलच्या किनारपट्टीचा आहे, दमटपणा मानवतो, पान जाड आणि चकचकीत, फळ लहान, लाल किंवा पिवळं. फक्त त्याची फळं जंगलालगत पडू देऊ नका. हवाईमध्ये 1825 साली हे झाड नेलं, आणि आज तिथल्या मूळ जंगलाची त्याने पार दाटी करून टाकली आहे. पक्षी आणि डुकरं बी पसरवतात. पडलेलं प्रत्येक फळ उचलायची तयारी असेल तरच लावा.

रानपेरू:
पानफुटी यांच्याशी सहमत.

कलमाचा विचार उत्तम आहे. साध्या पेरूची मुळं सूत्रकृमी (मातीतले सूक्ष्म धाग्यासारखे कृमी) पोखरतात, गाठी येतात, मागून मर रोग शिरतो आणि डोळ्यांदेखत झाड वाळतं. कास या दोन्हींना चांगला तोंड देतो, म्हणून खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळांचं रोप, म्हणून त्याचं महत्त्व. पण या झाडावर चाकू चालवू नका, ते फळासाठी राहू द्या. पुढे त्याच्याच बियांची रोपं करा आणि ती पेन्सिलीएवढी जाड झाली की त्यांवर पाचर कलम करा, म्हणजे गोड पेरूची काडी पाचरीसारखी तासून रोपाच्या चिरेत बसवा.

आणि फळ धरलं की खरी लढाई फळमाशीशी आहे, त्याची तयारी आतापासून ठेवा. मिथाइल युजेनॉलचा (नर माश्यांना वासाने ओढणारं रसायन) सापळा फक्त नर पकडतो. एकट्या झाडाला तेवढं पुरत नाही, आजूबाजूची, नराशी आधीच मिलन झालेली मादी येऊन अंडी घालतेच. फळ सुपारीएवढं झालं की कागदी किंवा न विणलेल्या कापडाची पिशवी चढवा, देठाशी घट्ट बांधा. पिशवी चढवण्याआधी फळ कोरडं असू द्या, ओलं बांधलंत तर करप्याचे (बुरशीच्या रोगाचे) काळे डाग आत वाढतात. गळलेली फळं खतखड्ड्यात टाकू नका. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवा, आतल्या अळ्या मरतात.

चव पहिल्यांदा घ्याल तेव्हा गोडव्याची अपेक्षा ठेवू नका. कास चांगलाच आंबट असतो, गर पांढरा आणि मऊ. कोस्टा रिकामध्ये त्याचं सरबत करतात, आणि जेलीसाठी तर हे फळ फारच छान. चर खणून झाला की फोटो टाका, उतार बरोबर आहे का ते बघून सांगते.