लोलक, लंबक की दोलक?

धारणीहून एक पालक:
मुलगी आठवीत, शाळा मराठी माध्यमाची. मोबाइलवर हिंदी व्हिडिओ पाहून तिनं वहीत लिहिलं, ‘पेंडुलम म्हणजे लोलक’. बाईंनी लाल रेघ मारली, लोलक म्हणजे प्रिझम! आता घरात वाद पेटलाय. चूक कोणाची? आणि पेंडुलमला आपला शब्द कोणता?

दारव्ह्याचे निवृत्त विज्ञान शिक्षक:
चूक कोणाचीच नाही, हीच तर पंचाईत. हिंदीत ‘सरल लोलक’ म्हणजे साधा पेंडुलम. प्रिझमला ते प्रिझमच म्हणतात. आपल्याकडे लोलक म्हणजे पांढऱ्या उजेडाचे सात रंग पाडणारी त्रिकोणी काच. दोन्ही भाषा एकाच घरात नांदतात तिथं हा घोटाळा व्हायचाच.

संस्कृतात ‘लोल’ म्हणजे हलणारं, अस्थिर. झुंबराला लटकणाऱ्या काचांनाही आपण लोलकच म्हणतो. मला वाटतं, तिथूनच वाटा फुटल्या असाव्यात. हिंदीनं झुंबराचं हलणं उचललं, मराठीनं त्याची काच. गॅलिलिओलाही लंबकाची कल्पना पिसाच्या चर्चमधला टांगता दिवा झुलताना पाहून सुचली असं सांगतात, म्हणजे पुन्हा झुंबरच!

पेंडुलमला मराठीत दोन शब्द, लंबक आणि दोलक. लंबक म्हणजे लोंबणारा. मूळ लॅटिन शब्दाचाही अर्थ तोच. दोलक आला ‘दोला’वरून, म्हणजे झोक्यावरून.

यवतमाळकडचे एक गवंडी:
मास्तर, नुसतं लोंबलं म्हंजे लंबक होत नाई. आमचा ओळंबाबी दोरीलेच लोंबते. पन थो हालत असला तं भिंतीचं माप घेताच येत नाई. ओळंबा थांबला पायजे, अन् लंबक थांबला तं घड्याळ बंद! आमच्या घरी तं जुन्या घड्याळातल्या त्या वस्तूले लटकनच म्हनत.

शिक्षक:
पटलं बुवा. ओळंबा आणि लंबक, दोन्ही ‘लंब’च्याच घरचे, एकाचं काम थांबण्यात, दुसऱ्याचं चालण्यात. म्हणून मला दोलक जास्त नेमका वाटतो. पण घड्याळाशी लंबकाची सोयरीक जुनी आहे, ती तुटायची नाही. (डच शास्त्रज्ञ हायगेन्सनं लंबकाचं घड्याळ केलं ते १६५६ साली.)

आणि या दोलकाच्या जाऊन-येऊन होणाऱ्या फेरीला आंदोलन म्हणतात. हो, मोर्चा-धरणेवालं तेच आंदोलन! मूळ अर्थ झुलणंच. वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरून हमखास ‘झिंदाबाद’ यायचं.

वणीचे कापूस उत्पादक:
पेपरात ‘भावाचा लंबक’ लिवतात, ते मले खटकते. लंबक जेवढा तिकडं जाते, जवळपास तेवढाच इकडं वापस येते. कापसाचा भाव एकडाव खाली गेला का येते का वापस? त्याले हेलकावे म्हना, नाईतं सरळ घसरन म्हना.

शिक्षक:
शब्दाचा जीव ओळखलात. जे परत येतं, त्यालाच लंबक म्हणावं. मन ‘हो की नाही’ करत असेल तर दोलायमान म्हणतात, ते मात्र चपखल बसतं.

धारणीच्या ताई, मुलीला सांगा, परीक्षेत पुस्तकात असेल तो शब्द लिही, लंबक नाहीतर दोलक. लोलक प्रिझमसाठी राखून ठेव. आणि सुतळीला दगड बांधून टांगा. टांगल्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंत एक मीटर भरू द्या. थोडासाच झोका दिला तर जाऊन-येऊन एका फेरीला २ सेकंद लागतात. दगड जड घ्या की हलका, फरक पडत नाही.

पालक:
अंगणातल्या कडुनिंबाला टांगला. दहा फेऱ्यांना मोबाइलवर २० सेकंद आले! लाल रेघेखाली मुलीनं ‘लंबक’ लिहिलं. सासूबाई मात्र तिथंच उभ्या राहून विचारतायत, “बाई, याले झोकाच काऊन नाई म्हनत?”