सॅडल टँकला खोगीर म्हणावं की नाही?

रुळावरचा :
मंडळी, इंग्लंडमधल्या लीड्सच्या रेल्वे-इंजिन कारखान्यांवरचा एक लेख मराठीत आणतोय. हन्स्लेट, मॅनिंग वॉर्डल, हडसवेल क्लार्क, सगळे एकमेकांना खेटून. यांची गिऱ्हाइकं म्हणजे कोळशाच्या खाणी, पोलादाचे कारखाने, गोद्या. मालकाच्या आवारातच फिरणारी ही छोटी इंजिनं. त्यांना मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा जोडडबा, नसतो, पाण्याची टाकी बॉयलरच्या पाठीवर टाकलेली असते आणि दोन्ही अंगांनी खाली उतरते. तीच 'सॅडल टँक'. मी सरळ 'खोगीरटाकी' लिहिलं. संपादकांनी त्याचं 'पर्याणाकृती जलटंकीयुक्त औद्योगिक वाष्पयंत्र' केलं. म्हणे खोगीर म्हटलं की वाचकाला खोगीरभरती आठवते! पुढच्याच परिच्छेदात 'पॅनियर टँक' आहे. तिचं काय करू?

मोडीवाचक :
संपादकांना सांगा, पर्याणाचंच घरगुती रूप पलाण आहे, एवढीच हौस असेल तर ते तरी वापरा. पण माझं मत खोगिराला. जीन चामड्याचं आणि बसण्यापुरतं. खोगीर जाड, आत भरण घातलेलं, दोन्हीकडे उतरणारं. तुमची टाकी तशीच आहे ना? आणि आत पाणी भरायचं असतं, म्हणजे खोगीरभरतीही आलीच.

निळी_शाई :
'पॅनियर'ला पडशी. खांद्याच्या मागेपुढे लोंबणारी दोन तोंडांची पिशवी. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या पॅनियर इंजिनांचे फोटो पाहा. दोन टाक्या बॉयलरच्या दोन बाजूंना अधांतरी, खालून हात घालून मधल्या यंत्राला तेल देता येतं.

मोडीवाचक :
पडशी माणसाची. जनावरावर असते ती गोणी. लमाणांचे बैल घाटातून मीठ वाहायचे ते गोण्यांतूनच.

निळी_शाई :
'गोणीटाकी' म्हटलं तर लोक सिमेंटच्या दुकानात जातील.

भुसावळी :
टाकीचं नंतर बघा, आधी ते 'औद्योगिक वाष्पयंत्र' काढा. वाष्पयंत्र म्हणजे काहीही असू शकतं. 'औद्योगिक इंजिन' लिहिलंत तरी आमच्या गावचा माणूस गिरणीतलं जमिनीत बोल्ट मारून बसवलेलं इंजिन समजेल. 'इंजिन बसवलं' म्हणजे विहिरीवर, दुसरं काही नाही. माझे वडील भुसावळच्या शेडमध्ये फायरमन होते. घरात 'लोकोमोटिव्ह' हा शब्द कधी ऐकला नाही, पण 'लोको' रोजचा. बाबा लोकोत आहेत, लोकोतनं बोलावणं आलंय. लोको म्हणजे खातं, आणि रुळावर धावतं ते इंजिन.

रुळावरचा :
ही अडचण मलाही आलीय, आणि ती नुसती शब्दाची नाही. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या संचालकांचा वादच हा होता. ठिकठिकाणी पक्की इंजिनं बसवून गाड्या दोरानं ओढायच्या, की इंजिनालाच रुळावर धावायला लावायचं? त्यांनी नेमलेल्या वॉकर आणि रॅस्ट्रिक या इंजिनिअरांचा कौल दोराकडे होता. म्हणून १८२९ च्या ऑक्टोबरात रेनहिलला ५०० पौंडांचं बक्षीस लावून चाचणी घेतली, आणि 'रॉकेट' जिंकलं. दोन्हीकडे नुसतं 'इंजिन' लिहिलं तर भांडण कशावरून होतं तेच कळत नाही.

शुद्धमती :
मराठीत 'अग्निरथ' आहे, 'आगगाडी' आहे. धावतं ते अग्निरथ, बसतं ते यंत्र. एवढी सुंदर सोय असताना 'लोको' काय? आपणच आपले शब्द मारतो.

भुसावळी :
ताई, अग्निरथाच्या शेडमध्ये नोकरी केलेला एक माणूस दाखवा. आणि आगगाडी म्हणजे डब्यांसकट सगळी गाडी.

लीड्सकर :
इथे राहतो म्हणून मध्ये पडतो. आगीचं म्हणाल तर बिनआगीची इंजिनंही होती. दारूगोळ्याच्या आणि कागदाच्या कारखान्यात ठिणगी परवडत नाही. तिथे इंजिनात भट्टीच नसे. बॉयलरच्या जागी मोठं बंद पिंप, त्यात कारखान्याच्या बॉयलरमधून दाबाखालची वाफ सोडून आतलं पाणी तापवायचं. वाफ वापरली की दाब उतरतो, आणि दाब उतरला की ते तापलेलं पाणी आपोआप पुन्हा उकळतं. बंद कुकरची शिटी काढल्यावर होतं तसंच. काही तास शंटिंग, मग पुन्हा भरायला जायचं. किल्मारनॉकच्या अँड्र्यू बार्कलेनं अशी बरीच बांधली. आता याला 'अग्निरहित अग्निरथ' म्हणायचं का?

शुद्धमती :
अपवादानं नियम मोडत नाही.

लीड्सकर :
खोगिराच्या बाजूनं एक. इथल्या मिडलटन खाणीच्या मार्गाला १७५८ सालीच संसदेचा कायदा मिळाला होता, पण वाघिणी घोडे ओढत. नेपोलियनशी लढाई सुरू होती, दाणा-वैरण महागली, म्हणून खाणीच्या व्यवस्थापकानं, जॉन ब्लेंकिन्सॉपनं, १८१२ साली दात्यांच्या रुळावर चालणारं इंजिन आणलं. घोड्याची जागा घेतलेल्या यंत्राला घोड्याचेच शब्द लागले तर नवल काय?

सांधेवाला :
खोगिराचा उपयोगही सांगा की. पाण्याचं वजन चालत्या चाकांवर येतं, त्यामुळे चाकं घसरत नाहीत. टेंडर नाही म्हणून आखूड, कारखान्याच्या तीव्र वळणांतून निघतं. तोटा असा की बॉयलरला चिकटून टाकीतलं पाणी फार तापलं तर इंजेक्टर, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं साधन, ते उचलायला कुरकुरतं. आणि टेंडरवरून आठवलं, एका अनुवादात मी 'इंजिनामागे निविदा जोडलेली होती' असं वाचलंय.

निळी_शाई :
😂 निविदा उघडल्याशिवाय गाडी सुटणार नाही.

मोडीवाचक :
लीड्सकरांनी 'वाघिणी' लिहिलं म्हणून विचारतो. माझी आजी सांगायची, मालगाडी रात्री गुरगुरत जाते म्हणून वाघीण.

सांधेवाला :
छे हो. वॅगनचं झालं वाघीण, प्लॅटफॉर्मचा फलाट झाला तसं. गुरगुरणं मागाहून चिकटलं.

शुद्धमती :
म्हणजे बिघडलेलं इंग्रजी चालतं आणि अग्निरथ चालत नाही?

भुसावळी :
बिघडलेलं नाही, घडलेलं. हमालांनी घडवलं. अग्निरथ टेबलावर बसून घडवला.

रुळावरचा :
उद्या मजकूर द्यायचाय हो. हन्स्लेटचं १९४३ चं 'ऑस्टेरिटी' इंजिन मुळात युद्धखात्यासाठी होतं, १९६४ पर्यंत एकूण ४८५ बांधली गेली. ब्रिटिश रेल्वेनं १९६८ मध्ये वाफ बंद केल्यावरही खाणींत ती राबत होती. ही सगळी खोगीरटाकीचीच. प्रत्येक ओळीत पर्याणाकृती लिहायला माझ्याकडे जागा नाही. गोणी की पडशी तेवढं सांगा.

मोडीवाचक :
गोणी.

निळी_शाई :
पडशी.

सांधेवाला :
'रूळ' इंग्रजी 'रूल'वरून आला की आपला लाटण्यासारखा गोल दांडा असतो त्यावरून? शाळेत मास्तरांच्या हातातही रूळच असायचा.

मोडीवाचक :
त्यावर वेगळं लिहितो, पण मास्तरांचा रूळ आधीचा असणार.

शुद्धमती :
पुराव्यासह लिहा. आजी चालणार नाही.