दही ‘सेट’ झालं म्हणजे नक्की काय झालं?

ताकपिठं:
भाचीने सकाळी झाकण उचलून पाहिलं आणि म्हणाली, “मावशी, दही सेट झालंय.” संध्याकाळपर्यंत मोजत बसले. लोणचं अजून सेट नाही, साच्यातलं चॉकलेट सेट झालं, दादा पुण्यात सेट आहे, शनिवारचा प्लॅन सेट! अहो, दही लागतं, लोणचं मुरतं, तूप थिजतं, पाणी गोठतं, आमटी आळते. काय घडलंय ते क्रियापदातच दिसतं. ‘सेट’मध्ये काय दिसतं? इंग्रजीचंच दारिद्र्य हे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत या एका शब्दाला चारशेवर अर्थ द्यावे लागले.

खडूस मास्तर:
दारिद्र्य? मग आपल्या ‘लागणे’चं काय करायचं? भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, डोळा लागतो, घाटात गाडी लागते. वर पुन्हा, “ते तुमचे कोण लागतात?” बाहेरच्या माणसाला हे समजावून दाखवा. आणि सर्वाधिक अर्थांचा ‘सेट’चा मान कधीच गेला. ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ झाल्याची बातमी २०११मध्येच आली होती.

ताकपिठं:
‘लागणे’ने ‘मुरणे’ गिळलं नाही, मास्तर. दोन्ही शेजारी नांदले. ‘सेट’ आला की बाकीच्यांनी घर खाली करायचं, हे खटकतं.

उंबरठा:
चारशेचा आकडा तर नुसत्या क्रियापदाचा आहे. ‘सेट’ या रूपात मुळात दोन निरनिराळे शब्द एकत्र मुरलेत (सेट नाही झाले!). चहाचा सेट, गळ्यातला सेट, म्हणजे संच या अर्थाचा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला, पंथ या अर्थाच्या ‘सेक्ट’चा सख्खा भाऊ. क्रियापद मात्र जुन्या इंग्रजीतलं, ‘सिट’चं प्रयोजक रूप. सिट-सेट म्हणजे आपलं बसणे-बसवणे. डॉक्टर हाड बसवतो, सोनार अंगठीत खडा बसवतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘सेट’च. पुढे नाटक, घडी, गणपती, सगळं आपणही बसवतोच. इंग्रजीत नंतर या दोन्ही शब्दांचं रूप एकच झालं आणि कोशकारांच्या डोक्याला ताप.

वाळू-खडी:
मी बांधकामावर असतो, मला ‘सेट’ हवाच. सिमेंट सेट होणं वेगळं आणि कडक होणं वेगळं. साध्या सिमेंटचं पहिलं सेटिंग ३० मिनिटांच्या आत सुरू होता कामा नये आणि शेवटचं ६०० मिनिटांच्या आत संपलं पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं. याला ‘थिजणे’ कसं म्हणू? थिजलेलं तूप उन्हात ठेवलं की पातळ होतं. स्लॅब तसा झाला तर मला तुरुंगात जावं लागेल.

ताकपिठं:
पटलं. सिमेंट तुमचं. दही नाही देणार. आणि दादाचं म्हणाल, तर त्याचं ‘बस्तान बसलं’. तिथेही बसणेच निघालं की.

खडूस मास्तर:
आणि “त्याची वर सेटिंग आहे”? हा अर्थ लंडनच्या माणसाला सांगून बघा, तोंडाकडे बघत राहील. तो आपण घडवलाय.

ताकपिठं:
‘साटंलोटं’ असताना घडवायची गरजच काय होती?

खडूस मास्तर:
साटंलोट्यात दोघांना काहीतरी द्यावं लागतं. सेटिंगवाला नुसता एक फोन लावतो.

ताकपिठं:
बरं. रात्री भाचीला हा धागा वाचून दाखवला आणि विचारलं, ‘दही लागलं’ म्हणायला काय जड जातं? म्हणाली, “मावशी, ‘लागलं’ ऐकलं की मला वाटतं दूध तळाला लागलं.”