व्हिन्यु व्हेर्द : हिरवी, कोवळी की आणखी काही?

दुरोकाठची
मी पोर्तुगालमधल्या पोर्तोत राहते. पुढच्या महिन्यात आईबाबा आणि त्यांचे मित्र येताहेत. त्यांना वाइन चाखायला नेणार आहे, म्हणून मराठीत एक तक्ता करतेय. पहिल्याच ओळीला, 'व्हिन्यु व्हेर्द' या इथल्या वाइनच्या नावाला, अडले. 'व्हिन्यु' म्हणजे वाइन. 'व्हेर्द' म्हणजे हिरवा, म्हणून मी 'हिरवी वाइन' लिहिलं. पण मिन्यू भागात व्हिन्यांव जातीच्या द्राक्षांची व्हेर्द पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यातून देतात आणि ती इतकी गडद लाल असते की वाडग्याच्या कडेला रंग चढतो. आई फोनवर म्हणाली, "लाल वस्तूला हिरवी कसं म्हणतेस? कोवळी म्हण." काय लिहू?

निफाडचा बागाईतदार
ताई, हिरवीच लिहा. हिरवा हा आधी अवस्थेचा शब्द, मग रंगाचा. मण्यात पाणी उतरेपर्यंत माल हिरवाच, जात काळी का असेना. हिरवं लाकूडही रंगाने हिरवं नसतं. कोवळी म्हटलं की काकडी आठवते, तिच्यात आंबटपणा कुठे?

दुरोकाठची
इथेही व्हेर्दच्या उलट 'मादुरू' म्हणतात, म्हणजे पिकलेली. पण व्हेर्द कच्च्या द्राक्षांची नसते. ती नवी असतानाच प्यायची, मुरवत ठेवायची नाही, असा एक अर्थ सांगतात. तो भागच हिरवागार, म्हणून ते नाव, असंही सांगतात. 1908 साली या प्रदेशाची हद्द आखली गेली, तेव्हापासून व्हेर्द हे त्या प्रदेशाचंच नाव झालंय.

शब्दनिष्ठ
मग विशेषनाम तसंच ठेवा. माझा आक्षेप 'वाइन'ला आहे. आयुर्वेदात काढा करून आंबवतात ते अरिष्ट, न उकळता आंबवतात ते आसव. द्राक्षाचा रस न उकळता आंबवला की ते द्राक्षासव. इतका नेमका शब्द घरात असताना उसना कशाला?

म्हापशेकर
कारण दुकानात द्राक्षासव मागितलं तर औषधाची बाटली मिळते. मराठी बायबलात 'द्राक्षारस' आहे, पण लहान मुलांना आपण देतो तोही द्राक्षांचा रसच. वाइन म्हटलं की कुणाचाच घोटाळा होत नाही.

शब्दनिष्ठ
वापर नाही म्हणून शब्द मरतो, आणि मेला म्हणून वापरायचा नाही, हे मला मान्य नाही.

दुरोकाठची
चवीचे शब्दही हवेत. बाइराड भागातल्या 'बागा' नावाच्या जातीच्या द्राक्षांच्या लाल वाइनमध्ये टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतून येणारा तोंड आवळणारा घटक, भरपूर. मी 'कडवट' लिहिलं होतं.

सांगलीकरीण
कडवट नको, तुरट! कडू जिभेला लागतं, तुरटपणा सगळं तोंड आवळतो. जांभळं जास्त खाल्ली की जीभ राठ होते ना, अगदी तेच. संस्कृतात हाच कषाय. आणि तिथला 'कटु' म्हणजे आपलं तिखट, 'तिक्त' म्हणजे आपलं कडू. मराठीत येताना 'कटु'चा अर्थ बदलला, म्हणून संस्कृत शब्द जपून वापरावेत. 'ड्राय'ला काय लिहिणार? कोरडी म्हणू नका, पातळ वस्तू कोरडी कशी असेल? आमच्याकडे 'अगोड' म्हणतात.

दुरोकाठची
अगोड फार आवडला! व्हेर्दमध्ये बारीक बुडबुडे असतात, त्याला इथे 'अगूल्या' म्हणतात, म्हणजे सुई.

सांगलीकरीण
जीभ चुरचुरते. एवढंच लिहा.

म्हापशेकर
पोर्तुगालच्या मदैरा बेटावरची वाइन पण दाखवा त्यांना. बेटाचं नाव आपल्या 'मदिरा'वरूनच पडलंय. जहाजं इकडे यायचीच.

दुरोकाठची
दादा, तसं नाही. पोर्तुगीजमध्ये मदैरा म्हणजे लाकूड. बेटावर दाट रान होतं. मदिरा संस्कृत 'मद्' या धातूवरून आली, दोन्ही शब्द आपापल्या वाटेने आलेत. भारताशी नातं मात्र खरंच आहे. पिंपं जहाजावर चढवून उष्ण समुद्रातून भारतापर्यंत नेत आणि परत आणत. त्या उष्म्याने वाइन सुधारे. अशी फिरून आलेली ती 'व्हिन्यु द रोदा'. आता प्रवास नाही. टाकीतच 45 ते 50 अंशांवर निदान तीन महिने तापवतात, आणि चांगली असेल तर उबदार माळ्यावर वर्षानुवर्षं मुरू देतात.

निफाडचा बागाईतदार
तापवून सुधारते? आमच्याकडे उन्हाने माल खराब होतो म्हणून पहाटे काढणी करतो. तापवल्यावर चवीत काय फरक पडतो?

दुरोकाठची
अक्रोड आणि करपलेल्या साखरेची चव येते. आंबटपणा मात्र राहतो, म्हणून गोडाची मिठी बसत नाही.

म्हापशेकर
ते 'पिंप' आत्ता तुम्ही सहज लिहिलंत, तोच शब्द पोर्तुगीज 'पीपा'. दुरो खोऱ्यात अजून पीपानेच मोजतात, एक पीपा म्हणजे 550 लिटर. शब्दनिष्ठ, पिंपाला काय म्हणायचं?

शब्दनिष्ठ
पिंप रुजलं आहे, त्याला मी हात लावणार नाही. वाइन रुजायची आहे, म्हणून आत्ताच बोलतो आहे.

सांगलीकरीण
आमच्या आजीच्या तोंडी तेलाचं 'पीप' असायचं, 'पिंप' नाही. तो अनुस्वार कुठून आला, कुणी सांगेल का?