बॉयलर, हवेची टाकी आणि चेन ब्लॉक यांच्या तपासणी अहवालांसाठी शासकीय शुल्क कशाकशाचे भरावे लागते?

प्रश्न: दूध प्रक्रिया केंद्र, सांगली जिल्हा

नमस्कार. एका लहान दूध प्रक्रिया केंद्राचे व्यवस्थापन यंदा माझ्याकडे आले आहे. आमच्याकडे वाफेचा एक बॉयलर, कॉम्प्रेसरला जोडलेली हवेची टाकी, शीतकरणातला अमोनियाचा रिसीव्हर (द्रव अमोनियाची टाकी) आणि वजन उचलण्याचे दोन चेन पुली ब्लॉक आहेत. कंत्राटी धरून कामगार तीसच्या आसपास आहेत. आजवर या सर्वांची तपासणी एका सल्लागारामार्फत होत आली असून त्यांचे बिल दरवर्षी एकाच ओळीचे असते: ‘सुरक्षा तपासणी, शासकीय शुल्कासह’, आणि पुढे ठोक रक्कम. त्यातले सरकारजमा किती झाले हे विचारले असता समाधानकारक उत्तर मिळत नाही आणि फायलीत एकाही चलनाची प्रत नाही. यांपैकी शासकीय शुल्क नेमके कशाला लागते, अहवाल कोणाकडे द्यायचे आणि हे काम आम्हाला स्वतः करता येईल काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे. बॉयलरच्या प्रमाणपत्राची मुदत पुढील महिन्यात संपत आहे.

उत्तर १: सुरक्षा अधिकारी, चिंचवड

आपल्या यंत्रांचे दोन वेगळे गट आहेत आणि ठोक बिलात ते एकत्र केल्यामुळेच हा गोंधळ झाला आहे. बॉयलर हा बाष्पके संचालनालयाचा विषय आहे. त्याची तपासणी करून तो वापरण्याचे प्रमाणपत्र शासन देते आणि त्यासाठी अर्जासोबत शासनाला शुल्क द्यावे लागते. हवेची टाकी, अमोनियाचा रिसीव्हर आणि चेन ब्लॉक यांचा संबंध औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाशी येतो. परंतु तेथे तपासणी शासकीय निरीक्षक करत नाही, तर संचालनालयाने मान्यता दिलेली सक्षम व्यक्ती करते. ‘सक्षम व्यक्ती’ची व्याख्या कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ च्या दुरुस्तीने आली. तिला आपण देतो ते तिचे व्यावसायिक मानधन असते, शासकीय शुल्क नव्हे. त्यामुळे या यंत्रांच्या नावावर ‘शासकीय शुल्क’ म्हणून कोणी पैसे घेत असेल, तर त्याच्याकडे चलन मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

मुदतींविषयी सांगायचे तर महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ नुसार दाबपात्राची, म्हणजे आपली हवेची टाकी आणि रिसीव्हर यांची, बाह्य तपासणी दर सहा महिन्यांनी आणि अंतर्गत तपासणी दर बारा महिन्यांनी होते. चेन ब्लॉक, साखळ्या, दोर आणि हूक यांची वर्षातून एकदा, तर मालवाहू लिफ्ट असल्यास तिची दर सहा महिन्यांनी होते. अहवाल विहित नमुन्यातच घ्यावा आणि निरीक्षकाने मागताच दाखवता येईल असा कारखान्यातच ठेवावा. तो सल्लागाराच्या कार्यालयात असून उपयोग नाही. सक्षम व्यक्तीचे मान्यतापत्र मात्र स्वतः पाहून घ्यावे, कारण ही मान्यता सरसकट नसते. उचल यंत्रांसाठी मान्यता असलेल्या अभियंत्याने दाबपात्राच्या अहवालावर केलेली सही ग्राह्य धरली जाणार नाही.

आणखी एक तरतूद फारशी कोणी लक्षात घेत नाही. तपासणीत दाबपात्राचा कमाल अनुज्ञेय दाब कमी करावा लागला, किंवा दुरुस्ती केल्याशिवाय ते सुरक्षितपणे वापरता येणार नाही असे आढळले, तर सक्षम व्यक्तीने त्या अहवालाची प्रत सात दिवसांच्या आत निरीक्षकाकडे पाठवायची असते. सगळे अहवाल वर्षानुवर्षे शब्दशः सारखेच येत असतील, टाकीच्या पत्र्याच्या जाडीचे आकडेसुद्धा बदलत नसतील, तर तपासणारा माणूस टाकीपर्यंत गेला होता का, हे अवश्य विचारा. तळाशी पाणी साचून हवेची टाकी आतून गंजते आणि जाडी मोजल्याशिवाय ते बाहेरून कळत नाही.

उत्तर २: प्रोसेस हाऊस, इचलकरंजी

बॉयलरबाबत लिहितो, कारण आपल्याकडे वेळ कमी आहे. १९२३ च्या कायद्याची जागा आता बॉयलर अधिनियम, २०२५ ने घेतली असून तो १ मे २०२५ पासून लागू आहे. रोजच्या व्यवहारात फार फरक पडलेला नाही. प्रमाणपत्र जास्तीत जास्त बारा महिन्यांचे असते आणि कामगार किती आहेत यावर बॉयलरचा कायदा अवलंबून नसतो. शुल्क बॉयलरच्या तापपृष्ठाच्या, म्हणजे पाण्याला उष्णता देणाऱ्या पृष्ठभागाच्या, चौरस मीटरमधील क्षेत्रफळानुसार टप्प्याटप्प्याने ठरते. हा आकडा आणि ‘एमआर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आपल्या जुन्या प्रमाणपत्रावर मिळेल. पुष्कळ जण ‘एक टनाचा बॉयलर’, ‘दोन टनाचा बॉयलर’ असे वाफेच्या क्षमतेवरून शुल्क विचारतात. त्यावरून शुल्क काढता येत नाही.

अर्ज मुदत संपण्यापूर्वी करा. तसा केलेला असेल, तर आदेश होईपर्यंत मागील प्रमाणपत्रातील कमाल दाबापर्यंत बॉयलर चालवण्याची मुभा कायद्याने दिली आहे. मुदत संपल्यानंतर अर्ज केला तर ही मुभा राहत नाही आणि दूध संकलन चालू असताना बॉयलर थंड ठेवण्याची वेळ येते.

दुसरे म्हणजे, ठरलेल्या दिवशी बॉयलर खरोखर तयार हवा. तो पूर्ण थंड आणि रिकामा केलेला, आतला क्षार काढलेला, मॅनहोल व हॅण्डहोल उघडलेले, धुराच्या पेटीची दारे उघडी आणि वाफेच्या इतर जोडण्या तोडलेल्या असाव्यात. योग्य कारणाशिवाय तयारी केलेली नसेल, तर निरीक्षक तपासणी नाकारतो, नव्याने अर्ज करावा लागतो आणि बॉयलर वापरण्यास मनाईही होऊ शकते. आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात रात्रपाळी उशिरापर्यंत चालली आणि सकाळी बॉयलरच्या शेलला (बाहेरच्या कवचाला) हात लावता येत नव्हता. त्यांना सगळे पुन्हा करावे लागले.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तापपृष्ठाचा आकडा जुन्या प्रमाणपत्रावर सापडला. अर्ज आणि शुल्क आम्ही स्वतः भरले तर चालेल का, की मान्यताप्राप्त प्रतिनिधीच लागतो? ऑनलाइन भरणा करताना रक्कम चुकीच्या ठिकाणी जाईल, अशी आमच्या लेखापालांना भीती आहे.

उत्तर ३: कर सल्लागार, कोल्हापूर

अर्ज करण्याचे दायित्व मालकाचे आहे, त्यामुळे तो स्वतः करण्यास काहीही अडचण नाही. कामगार विभागाच्या ऑनलाइन प्रणालीवर कारखान्याच्या नावाने खाते उघडा आणि त्यासाठी कारखान्याचाच मोबाइल क्रमांक व ईमेल द्या. सल्लागाराचा क्रमांक दिला, तर पुढील सर्व सूचना त्याच्याकडे जातील आणि तपासणीची तारीख तुम्हाला कळणारही नाही.

शासकीय भरणा ‘ग्रास’वर, म्हणजे राज्याच्या शासकीय जमा लेखा प्रणालीवर होतो. चलन ‘एमटीआर नमुना ६’ या स्वरूपात तयार होते. लेखापालांची भीती अनाठायी नाही. विभाग, भरण्याचा प्रकार आणि कार्यालयाचे नाव या तीन रकान्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण चलन ज्या कार्यालयाच्या नावावर निघते तेच कार्यालय ते वापरले गेल्याची नोंद करते. त्या नोंदीला व्यवहारात ‘डिफेस करणे’ म्हणतात. चुकीच्या कार्यालयाच्या नावावर भरलेली रक्कम शासनाकडेच असते, परंतु तुमच्या अर्जाला ती उपयोगी पडत नाही आणि परताव्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. भरणाऱ्याच्या नावात कारखान्याचे नाव, शेऱ्यात बॉयलरचा नोंदणी क्रमांक लिहा आणि जीआरएन (चलनाचा शासकीय संदर्भ) क्रमांक दिसणारी प्रत जपून ठेवा. बँकेतून रक्कम गेली पण चलन निघाले नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी त्याच प्रणालीवर जीआरएन शोधून भरण्याची स्थिती पाहा.

सल्लागाराची मदत घ्यायची असेल तर अवश्य घ्या, मात्र त्याचे बिल आणि शासकीय चलन वेगवेगळे असू द्या. त्याच्या सेवेवर जीएसटी लागतो. ठोक रकमेवर कर लावला असेल, तर शासकीय शुल्कावरही कर देऊन बसला आहात का, तेही तपासून घ्या.

उत्तर १ (पुढे)

दोन गोष्टी राहिल्या होत्या. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून कारखाने अधिनियम तिच्यात सामावला गेला आहे. मात्र जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तेथवर चालू राहतात, त्यामुळे नवे नियम येईपर्यंत तपासणी थांबवावी, असा अर्थ कोणी काढू नये.

अग्निशमन यंत्रणेचा अहवाल या दोन्हींहून वेगळा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाप्राप्त अभिकरणाचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘नमुना ब’, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यायचे असते. मागील ठोक बिलात तेही धरलेले होते का, हे सल्लागाराला लेखी विचारा आणि त्याच पत्रात गेल्या तीन वर्षांच्या चलनांचे जीआरएन क्रमांक मागा.