कर्जदार दुबईत, हातात कलम १०१ चा वसुली दाखला – पुढे काय? मदत हवी आहे

सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत वसुली पाहतो. विनातारण कर्जाचे ६ लाख ४० हजार थकले आहेत आणि कर्जदार दुबईत नोकरीला आहे. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळालाय. गावच्या पत्त्यावरची रजिस्टर नोटीस परत आली, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसत्या निळ्या खुणा. इथलं घर वडिलांच्या नावावर, त्यामुळे जप्ती नाही. एक जामीनदार वारला. दुसऱ्याच्या पगारातून कपात चालू आहे, पण सगळं त्या भल्या माणसाच्याच गळ्यात टाकणं मला पटत नाही. कर्ज निर्लेखित (राइट-ऑफ) करायचं नाही, पैसा ठेवीदारांचा आहे. त्याच्या कंपनीचं नाव-पत्ता आहे. तिथे फोन करून बदनामी करायची नाही, आणि वसुली एजंटही नको.

भारत आणि यूएई यांच्यात दिवाणी निकालांच्या अंमलबजावणीचा १९९९ चा करार आहे. पण आमचा दाखला सहकारी संस्थांच्या निबंधकांचा, न्यायालयाचा नव्हे. तिथलं कोर्ट तो हुकूमनामा (डिक्री) म्हणून स्वीकारतं का? की कलम ९१ खाली सहकार न्यायालयातून निवाडाच घ्यायला हवा, आणि दाखला असताना तसा दावा चालतो का? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर तिथल्या वकिलाचा आणि अरबी भाषांतराचा खर्च साधारण किती आला?